घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, कलम तिसऱ्याचं

अमेरिकेत सुमारे दोन कोटी माणसं कारखान्यात बांधून ट्रकमागे ओढत आणलेल्या घरांत राहतात. लोक अजून त्यांना मोबाइल होम म्हणतात, हिणवायचं असेल तर ट्रेलर. कायद्यातलं नाव मॅन्युफॅक्चर्ड होम. ही घरं बनवणारे, विकणारे, त्यांवर कर्ज देणारे आणि ती जिथे उभी राहतात त्या जागांचे मालक, अशा सगळ्यांची मिळून एक संघटना आहे: मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग इन्स्टिट्यूट. कचेरी वॉशिंग्टनच्या नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला. काम उघड आहे. अमेरिकी काँग्रेसमध्ये आणि सरकारी खात्यांत धंद्याला हवे ते कायदे करून घ्यायचे, नको ते अडवायचे.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी उभी केली आहेत. त्यांच्या तोंडचे कायदे, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत. आत्या मिनेसोटात गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेली, भाडेकरूंचे खटले लढवण्यात हयात गेलेली. भाचा इंडियानात एल्कहार्टच्या पट्ट्यात, अशा घरांच्या एका कारखान्यात, सरकारी नियम पाळले जातात की नाही ते बघतो. दोघंही हट्टी, आणि दोघांनाही आपापला विषय पाठ.

भाचा : संघटनेचं नाव निघालं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, आत्या. पण एकदा आमच्या कारखान्यात ये. घराचा एकेक भाग बाहेर पडतो ना, त्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे रस्त्यावरून नेताना लाल दिवे लागतात त्या बाजूला, तळापासून फूटभर वर आणि कडेपासून फूटभर आत, लाल पत्र्याची एक पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते. दोन इंच बाय चार इंच. तेवढ्या पट्टीवर आमचा सगळा धंदा उभा आहे. ती असली की कुठल्याशा गावचा बांधकाम निरीक्षक ‘तुमची वायरिंग आमच्या नियमात बसत नाही’ म्हणून घर अडवू शकत नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, हडचा, एकच नियम देशभर चालतो.

आत्या : आणि ती पट्टी आभाळातून पडली?

भाचा : १९७४ च्या कायद्यातून आली. १५ जून १९७६ पासून लागू. त्याआधी राज्यागणिक नियम वेगळा. धंद्याला एकच नियम हवा होता, ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांना घरं सुरक्षित हवी होती. दोघांचं जमलं म्हणून कायदा झाला. लॉबिंग म्हणजे लबाडीच, असं तू धरून चालतेस. लॉबिंग नसतं तर पट्टीही नसती.

आत्या : पट्टीबद्दल माझं भांडण नाही. तुझी पट्टी नसताना घरं पेट घेत होती आणि वाऱ्याने उलटत होती, एवढंच तू सांगायचं विसरलास. कायदा झाला तो लोक ओरडले म्हणून. तुमची संघटना वेळीच त्यांच्या शेजारी जाऊन बसली, इतकंच.

इथे थोडं थांबतो, कारण मराठी वाचकाला ‘लॉबिंग’ म्हटलं की बंद दाराआडची पाकिटंच दिसतात. अमेरिकेत तो नोंदणीचा धंदा आहे. १९९५ च्या कायद्यानुसार नाव नोंदवावं लागतं. आता दर तीन महिन्यांनी कोणत्या विधेयकासाठी, कोणत्या सभागृहाकडे किंवा खात्याकडे गेलो आणि त्यावर किती खर्च झाला, हे लिहून द्यावं लागतं. ते कुणालाही घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे बिल्डरांच्या संघटना मंत्रालयाची पायरी चढत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. कोणत्या कलमासाठी चढल्या हे नोंदवायला लावणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही. रेराचा कायदा २०१६ मध्ये झाला. तो होण्याआधी कोण कुठल्या दालनात जाऊन आलं, हे तुम्हा-आम्हाला कुठल्याही वहीत सापडणार नाही. तेव्हा आत्याने संघटनेवर कितीही तोंडसुख घेतलं, तरी ते ती कागद समोर ठेवून घेते आहे. आपल्याला तेवढीही सोय नाही.

भाचा : बरं, हा आकडा ऐक. १९७३ साली अशी सुमारे ५ लाख ८० हजार घरं कारखान्यांतून बाहेर पडली. २००९ मध्ये ५० हजारांच्याही खाली. २०२४ मध्ये कशीबशी १ लाख ३ हजारांच्या घरात. लोकसंख्या वाढली, घरांची टंचाई वाढली, किमती आभाळाला टेकल्या, आणि सगळ्यांत स्वस्त घर बनवणारा धंदा आक्रसला. नवं घर २०२३ मध्ये सरासरी सव्वा लाख डॉलरांच्या आसपास पडत होतं. जमीन वेगळी, मान्य. पण जागेवर बांधलेलं घर या पैशात कुणी देऊन दाखवावं! तरी आमचा खप का पडला? गावोगावच्या झोनिंगमुळे. पट्टी असली की बांधणीवर कुणी बोट ठेवू शकत नाही, पण ‘हे घर आमच्या आळीत नको’ म्हणायला गाव मोकळं आहे.

आत्या : झोनिंग काय १९९९ साली जन्माला आलं?

भाचा : म्हणजे?

आत्या : १९९८ मध्ये तुम्ही पावणेचार लाखांच्या आसपास घरं विकलीत. तेव्हाही गावं होती, तेव्हाही आळ्या होत्या. मग अकरा वर्षांत धंदा सातव्या हिश्शावर कसा आला? दिसेल त्याला कर्ज वाटलंत म्हणून. ती कर्जं बुडाली, घरं जप्त झाली, जप्त घरांनी बाजार भरून गेला. ग्रीन ट्री ही या घरांना सगळ्यांत जास्त कर्ज देणारी कंपनी. १९९८ मध्ये ती कॉन्सेकोने विकत घेतली आणि २००२ च्या डिसेंबरात कॉन्सेको दिवाळखोरीत गेली. हे झोनिंगने केलं?

भाचा : ते खरं आहे. पण बुडालेली कंपनी गेली आणि तिचं पाप आज घर मागणाऱ्याच्या माथी आलं. वीस वर्षांपूर्वीच्या बेफिकीर सावकाराची शिक्षा आजच्या नर्सने का भोगायची?

आत्या : भोगू नये. पण मग झोनिंगचंच तुझं गाऱ्हाणं पुढे ने. २००० च्या सुधारणा कायद्यात काँग्रेसने स्पष्ट लिहिलं की केंद्राच्या नियमाचं वर्चस्व व्यापक अर्थाने धरायचं. ते हत्यार हातात असताना तुमच्या संघटनेने गावांच्या दारात जाऊन किती वेळा उगारलं? मी विचारत नाही, तुमच्याच धंद्यातली दुसरी संघटना विचारते. छोट्या, स्वतंत्र कारखानदारांची, १९८५ पासूनची. ते तर म्हणतात, मोठ्यांना घाईच नाही. क्लेटन, चॅम्पियन, कॅव्हको, या तिघांच्या हातात बाजाराचा बहुतेक भाग आहे. दार किलकिलं राहिलं तरी त्यांचं भागतं, छोट्याचं भागत नाही.

भाचा : प्रत्येक गावाशी कोर्टात भांडायला पैसा आणि वेळ लागतो. राज्याचा कायदा बदलला की एका फटक्यात काम होतं. कॅलिफोर्नियाने १९८० मध्ये तसा कायदा केला, की पायावर बसवलेलं असं घर एककुटुंब वस्तीतून निव्वळ ते कारखान्यात बनलं म्हणून हाकलायचं नाही.

माझ्या मते इथे भाच्याचं पारडं थोडं जड आहे, पण थोडंच. दुसऱ्या संघटनेचा संशय निराधार वाटत नाही. धंद्याची संघटना एक आवाज म्हणून बोलते आणि त्या आवाजात मोठ्या वर्गणीदाराचा घसा जास्त ऐकू येतो. हे आर्लिंग्टनलाच घडतं असं नाही.

आत्या : आता कर्जावर ये. खरी गंमत तिथे आहे. घर विकत घेतलं पण जमीन भाड्याची, तर कायद्याच्या लेखी ते घर स्थावर नाही, जंगम. बऱ्याच राज्यांत त्याची नोंद गाडीसारखी होते. मग कर्जही गाडीसारखं. मुदत कमी, व्याज जास्त, आणि हप्ते थकले तर घरकर्जदाराला मिळणारं संरक्षणही तोकडं. ग्राहकांसाठीच्या वित्त संरक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये अहवाल काढला. या घरांच्या खरेदीसाठी दिलेल्या कर्जांपैकी सुमारे ६८ टक्के ‘चढ्या दराची’ निघाली. आणि याच काळात तुमची संघटना काय मागत होती? ‘घरांपर्यंतची वाट राखू या’ अशा गोंडस नावाचं विधेयक.

भाचा : नाव सोड, कलम वाच.

आत्या : वाचलंय. नियम असा होता की ५० हजार डॉलरांच्या आतल्या, जंगम तारणावरच्या कर्जाचा दर बाजाराच्या सरासरीपेक्षा साडेआठ टक्क्यांहून वर गेला, तर ते ‘महागडं कर्ज’ ठरतं. मग सावकारावर बंधनं येतात. आधी ग्राहकाला स्वतंत्र सल्लागाराकडे पाठवावं लागतं. तुमच्या विधेयकाने काय केलं? साडेआठचे दहा आणि पन्नास हजारांचे पंचाहत्तर हजार. बाजारदराच्या वर दहा टक्के व्याज घेईपर्यंत सावकाराला कुणी हटकायचं नाही!

भाचा : आणि त्याचं कारण ऐकलंस का कधी? तीस हजारांचं कर्ज असो की तीन लाखांचं, कागद तेवढेच, माणसं तेवढीच, तपासणी तेवढीच. लहान कर्जात तो खर्च दरातच दिसतो. ‘महागडं’ असा शिक्का बसला की बँका ते कर्ज द्यायचंच सोडतात. मग जुनं वीस हजारांचं घर घेणारी बाई रोख पैसे कुठून आणणार? ती घरमालकाच्या हप्त्याच्या कागदावर सही करते, ज्यात काहीच संरक्षण नसतं. इंडियानाचे सिनेटर जो डॉनेली डेमोक्रॅट होते. त्यांनी या विधेयकाला नाव दिलं ते काही सावकारांचं प्रेम म्हणून नव्हे.

आत्या : एल्कहार्टचे कारखाने त्यांच्याच राज्यात होते म्हणून.

भाचा : हो, म्हणून! मतदारसंघातला पगार जातो तेव्हा माणूस दिल्लीला, नाही, वॉशिंग्टनला, बोलणार नाही तर कुठे बोलणार?

विधेयक २०१५ मध्ये प्रतिनिधिगृहात पास झालं आणि पुढे अडलं. २४ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने बँकांवरची बंधनं सैल करणारा मोठा कायदा झाला. त्याच्या १०७ व्या कलमात या विधेयकाचा अर्धा भाग आला. तो कोणता, हे बघण्यासारखं आहे. घर विकणारा दुकानदार ‘कर्जदलाल’ धरला जाणार नाही, पण त्याला अटी आहेत. रोखीच्या विक्रीत मिळालं असतं त्याहून जास्त काही त्याने कर्जाच्या अर्जापोटी घ्यायचं नाही. एखाद्या सावकार कंपनीशी त्याचं नातं असेल तर ते लेखी सांगायचं, आणि अशा वेळी आपल्याशी संबंध नसलेल्या निदान एका सावकाराचं नावही द्यायचं. कर्जाच्या अटींवर ग्राहकाशी किंवा सावकाराशी थेट घासाघीस करायची नाही. साडेआठचे दहा मात्र झाले नाहीत. ते कलम गळलं.

मला हा निकाल बरा वाटतो. दुकानदाराला फक्त ‘हा फॉर्म अमक्याकडे द्या’ म्हटल्याबद्दल परवाना काढायला लावणं अति होतं, आणि व्याजाची मर्यादा उचलणं त्याहून अति. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून आणलेली. काँग्रेसने गाठ सोडली. आत्याला यात फारसं समाधान नाही, आणि तिचं कारण वजनदार आहे: सगळ्यांत मोठा कारखानदार क्लेटन, आणि या घरांना कर्ज देणाऱ्या व्हँडरबिल्ट आणि ट्वेंटी-फर्स्ट या कंपन्याही त्याच्याच. क्लेटन वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००३ मध्ये घेतली. एका छपराखाली घरही मिळतं आणि हप्ताही ठरतो. तिथे ‘नातं लेखी सांगा’ ही अट किती ग्राहकांच्या नजरेस पडते, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही.

भाचा : तुला आमच्या बाजूचं काहीच पटत नाही का?

आत्या : पटतं की. २००८ च्या कायद्याने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातलं की या घरांच्या बाजारालाही हात द्या. त्यांनी जमिनीसकट घेतलेल्या घरांची कर्जं थोडीफार घेतली, जंगम कर्जांना जवळजवळ हात लावला नाही. ती घेतली असती तर दर खाली आले असते. त्यासाठी तुमची संघटना भांडते आणि आमचे ग्राहकवालेही भांडतात. तिथे मी तुझ्याबरोबर पायऱ्या चढेन.

भाचा : चल, एक तरी.

आत्या : पण वाऱ्याचं प्रकरण ऐकल्याशिवाय सुटका नाही. ऑगस्ट १९९२, अँड्र्यू चक्रीवादळ, दक्षिण फ्लोरिडा. डेड काउंटीतली ही घरं जवळजवळ सगळीच गेली. पाचोळ्यासारखी गेली म्हणतात, पण पाचोळा निदान पुन्हा एका ढिगात सापडतो. हडने १९९४ मध्ये नियम बदलला. देशाचे वाऱ्याप्रमाणे तीन पट्टे; किनाऱ्याच्या पट्ट्यांतली घरं ताशी १०० आणि ११० मैलांचा वारा सोसेल अशी बांधायची. तुझे फ्लोरिडातले भाईबंद काय करते झाले? कोर्टात गेले. फ्लोरिडाची या धंद्याची संघटना विरुद्ध हडचे सचिव सिस्नेरोस. म्हणणं काय? किंमत वाढेल, गरीब बाहेर फेकला जाईल. १९९५ मध्ये अपील कोर्टाने हडचा नियम कायम ठेवला.

भाचा : हो, पुढचं मीच सांगतो. २००४ मध्ये फ्लोरिडाला ओळीने चार वादळं बसली. चार्ली, फ्रान्सेस, आयव्हन, जीन. १९९४ नंतरच्या नियमाने बांधलेली घरं जुन्या घरांच्या मानाने खूपच चांगली टिकली.

आत्या : आणि आता तुमच्या माहितीपत्रकांत पहिल्या पानावर काय असतं?

भाचा : ‘१९९४ नंतरची घरं वादळात टिकतात.’

आत्या : ज्या नियमाविरुद्ध कोर्टात गेलात, त्याचीच जाहिरात!

भाचा : अगं, त्या वेळी किमतीचं भय खोटं नव्हतं...

आत्या : नसेल. पण तेव्हाचं भय आणि आताचा अभिमान एकाच दुकानात विकायला ठेवलात, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही ‘किंमत वाढेल’ म्हणालात की मी आधी त्या माहितीपत्रकाची तारीख बघते.

भाचा गप्प बसतो. या संवादात त्याला गप्प करण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवला आहे आणि तो इथेच वापरला, कारण या मुद्द्याला त्याच्या बाजूने उत्तर मला सापडलं नाही. घराच्या आतही वाऱ्याचा हा नियम दिसतो. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या मागे किंवा विजेच्या पेटीजवळ एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर अमेरिकेचे तीन छोटे नकाशे: वारा, छतावरचं बर्फ, थंडी-उकाडा. हे घर कुठल्या पट्ट्यासाठी बांधलं, ते त्यावर कळतं. घर घेणाऱ्यांतले किती जण तो कागद वाचतात? पण घर वाऱ्यात उभं राहतं ते त्या कागदाप्रमाणे बांधलं म्हणून.

भाचा : ठीक. पण ऊर्जेच्या नियमाला हेच लावू नकोस. तिथे सरकारने खरंच घोळ घातला.

आत्या : घोळ सांग.

भाचा : २००७ च्या कायद्याने काम ऊर्जा खात्याला दिलं: या घरांसाठी उष्णतारोधनाचे नवे निकष ठरवा, २०११ पर्यंत. खातं झोपलं. पर्यावरणवाल्यांनी २०१७ मध्ये खटला भरला तेव्हा जागं झालं. मे २०२२ मध्ये नियम आला, मे २०२३ पासून पाळा म्हणाले. पण तपासणार कोण, कसं, दंड कसा, यातलं काहीच ठरलेलं नाही! आमच्याकडे हडचा तपासनीस असतो, त्याच्या हातात हडची वही. ऊर्जा खात्याची वही कुणाच्या हातात? मी कारखान्यात उभा राहून घर बाहेर सोडायचं की थांबवायचं, ते कुणाला विचारू? फेब्रुवारी २०२३ मध्ये संघटना आणि टेक्सासची संघटना मिळून कोर्टात गेल्या, आणि खात्याने स्वतःच तारीख पुढे ढकलली. आमचं चुकलं असतं तर ढकलली असती का?

आत्या : तारीख ढकलली ते तपासणीची पद्धत ठरली नव्हती म्हणून. ती ठरवा म्हणून भांडलात तर तुमचं बरोबर. पण २०२५ मध्ये संघटना वेगळंच मागत होती, की ऊर्जा खात्याचा अधिकारच काढा आणि सगळं हडच्या हातात ठेवा. हडचे उष्णतेचे निकष १९९४ नंतर जागचे फारसे हललेले नाहीत. म्हणजे थोरल्या भावाकडे न्याय मागायचा, कारण तो झोपलेला आहे.

भाचा : एका घराला दोन खाती नकोत, हे तत्त्व चुकीचं आहे?

आत्या : तत्त्व चांगलं आहे. वेळ बघ ना. एका भागाच्या छोट्या घरासाठी नवे निकष साडेसातशे डॉलरांच्या आत बसतील अशीच खात्याने आखणी केली होती. दोन भागांच्या घरासाठी चार हजारांच्या आसपास.

भाचा : आणि चार हजारांत किती जणांचा कर्जाचा अर्ज नापास होतो माहीत आहे? पगाराच्या अमुक टक्क्यांवर हप्ता गेला की संपलं. बिल पुढे वाचेल हे बँक मोजत नाही.

आत्या : बँक मोजत नसेल, तर बँकेला मोजायला लावा! त्यासाठी विधेयक आणा. मिनेसोटात जानेवारीत उणे वीसला हीटिंगचं बिल भरणारी माणसं माझ्यासमोर बसलेली असायची. घराची किंमत एकदाच लागते, बिल दर महिन्याला.

माझं मत दोघांच्या मधलं आहे आणि ते दोघांनाही आवडणार नाही. तपासणी न ठरवता नियम लागू करणं हा ऊर्जा खात्याचा ढिसाळपणा, तिथे संघटनेने कोर्टात जाणं रास्त. अधिकारच काढून घ्या, ही मागणी मात्र वाऱ्याच्या प्रकरणाची दुसरी आवृत्ती. २०४० च्या माहितीपत्रकात ‘आमची घरं वीज वाचवतात’ असं छापलेलं दिसलं, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

आत्या : आता शेवटचं. तू ज्या घराला पट्टी ठोकतोस, ते ट्रकवरून उतरतं आणि अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्या एखाद्या पार्कमध्ये उभं राहतं. घर बाईचं. जमीन पार्कमालकाची. मालकाने जागाभाडं वाढवलं तर ती काय करणार? घर उचलून न्यायचं तर हजारो डॉलर, आणि जुनं घर दुसरा पार्क घेतच नाही. या धंद्यातला एक गुंतवणूकदार आहे, फ्रँक रोल्फ. तो लोकांना पार्क विकत घ्यायला शिकवायचा. त्याने पार्कची तुलना कशाशी केली माहीत आहे? वॉफल हाउसच्या उपाहारगृहाशी, जिथे गिऱ्हाइकांना टेबलाला साखळीने बांधून ठेवलंय.

भाचा : तो संघटनेचा प्रवक्ता नाही.

आत्या : नाही. पण पार्कमालक तुमच्या संघटनेत आहेतच. कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, सावकार आहेत, पार्कमालक आहेत. एकच माणूस नाही.

भाचा : राहणारा.

आत्या : राहणारा! त्यांच्या स्वतःच्या संघटना आहेत, पण आर्लिंग्टनच्या मानाने खिसा फाटका. आणि मग बघ, कारखानदाराचं हित कशात आहे? घरं खपण्यात. भाडं अवाच्या सवा वाढलं तर लोक ही घरं घ्यायला घाबरतील, म्हणजे कारखान्याचंही नुकसानच. तरी भाड्यावर मर्यादा घाला म्हटलं की विरोधाला उभी राहते तीच संघटना. तू ज्या संघटनेसाठी बोलतोस, तिच्याच पोटात तुझं हित दुसऱ्याच्या हिताखाली दबलंय.

भाचा : भाड्यावर मर्यादा घातली तर नवा पार्क कोण काढेल? आधीच नव्या पार्कना गावं परवानगी देत नाहीत. पुरवठा कमी आहे म्हणून भाडं चढतं.

आत्या : पुरवठा वाढेपर्यंत त्या बाईने कुठे राहायचं? फॅनी आणि फ्रेडीने पार्कमालकांच्या कर्जांबाबत निदान काही अटी घातल्या. वर्षाचा नूतनीकरणयोग्य करार, भाडं वाढवण्याआधी तीस दिवसांची नोटीस, घर जागेवरच विकायचा हक्क, पार्क विकायचा किंवा बंद करायचा असेल तर साठ दिवस आधी कळवणं. साठ दिवस! अख्खं घर आणि अख्खं आयुष्य उचलायला. आणि तेही मालकाने त्यांच्याकडून कर्ज घेतलं असेल तरच. न्यू हॅम्पशायरमध्ये मेरेडिथला १९८४ मध्ये रहिवाशांनी सहकारी संस्था करून पार्कच विकत घेतला. आता असे पार्क देशभर शेकड्यांनी आहेत. त्यासाठी पैसा उभा करा, त्यासाठी लॉबी करा, मी तुमच्या संघटनेची वर्गणी भरते.

भाचा : मग घराखालच्या चासीचं काय म्हणतेस? तेवढं तरी बरोबर म्हण.

चासीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तिथे भांडण उरलेलं नाही. कायद्याची व्याख्या अशी की या घराखाली कायमची लोखंडी चासी असलीच पाहिजे. घर एकदा उतरलं की बहुतेक वेळा पुन्हा हलत नाही, तरी ते लोखंड जन्मभर खाली. त्यामुळे घर उंच बसतं, वर मजला चढवणं अवघड होतं, आणि लोखंडाचे पैसे राहणाऱ्याच्या हप्त्यात जातात. ही अट काढा, असं संघटना म्हणते, आणि यात ती शंभर टक्के बरोबर आहे. आत्याही नाही म्हणत नाही. सिनेटर टिम स्कॉट आणि एलिझाबेथ वॉरन, म्हणजे एक पक्का रिपब्लिकन आणि एक पक्की डेमोक्रॅट, यांच्या विधेयकात ही अट काढणारं कलम आलं. २९ जुलै २०२५ रोजी सिनेटच्या बँकिंग समितीने ते विधेयक २४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. त्यात पार्कांच्या डागडुजीसाठी अनुदानाची तरतूदही आहे. जागाभाड्यावर मर्यादा घालणारं एकही कलम नाही.